त्रानीची ओटी

नारळ हा द्रव पदार्थ आहे की घन, हा प्रश्न डॉक्टर शशिधर उकिडव्यांना बहात्तर वर्षांत कुणी विचारला नव्हता. तो स्टॅनस्टेड एअरपोर्टवर विचारला गेला. सिक्युरिटीच्या पट्ट्यावरून त्यांची बॅग बाजूला काढली होती आणि निळे हातमोजे घातलेली एक तरुणी शेंडीवाला नारळ कानाशी धरून हलवत होती. आत पाणी डुचमळत होतं. आणि शंभर मिलीच्या वर पाणी न्यायचं नाही, असं भिंतीवर चार ठिकाणी लिहिलेलं. घ्या आता!

"सर, ह्याच्यात पाणी किती आहे?"

"ते फोडल्याशिवाय कसं सांगू?"

"आणि हे नेताय कशासाठी?"

'देवीची ओटी भरायला' हे इंग्रजीत कसं सांगायचं, हा प्रश्न पुढचा. ते मराठीत सांगायलाही त्यांची जीभ रेटली नसती. शेवटी "खायला" असं धादांत खोटं बोलून ते मोकळे झाले. मागे उभी असलेली त्यांची मुलगी शाल्मली कपाळाला हात लावून हसत होती. एक पोक्त अधिकारी आला, त्यानं नारळाकडे पाहिलं, मग उकिडव्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जाऊ दे म्हणून हात हलवून निघून गेला. त्या चेहऱ्याचीच दया आली असणार.

मुळात हा माणूस नारळ घेऊन देवाच्या दारी निघालाय, हेच नवल. लंडनच्या पिनर भागातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, उकिडवे आणि देव यांचं वाकडं आहे हे शेंबडं पोरही सांगेल. एक्याऐंशी साली मिरजेहून इथे आले, बार्न्सली, वुल्व्हरहॅम्प्टन असं करत करत हॅरोच्या बाजूला स्थिरावले आणि तीस वर्षं छातीचे डॉक्टर म्हणून लोकांची फुप्फुसं तपासली. "मी हजारो एक्स-रे पाहिले, एकातही आत्मा दिसला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गणपतीच्या आरतीला ते बाहेर गाडीत बसून पेपर वाचत आणि प्रसादाला बरोब्बर आत येत.

त्यांची बायको सुमन कौन्सिलच्या लायब्ररीत होती. कुणाकडे एक पुस्तक राहिलं तरी तिच्या जिवाला चैन नसे. हातात घेतलेलं काम तिनं कधी अर्धं सोडलं नाही. मग ते स्वेटर असो, लोणचं असो की कुणाचं बाळंतपण. ती चतुर्थी धरायची आणि नवराही तिची चेष्टा धरून असायचा. "काय गं, तुझ्या गणपतीकडे वेटिंग लिस्ट किती आठवड्यांची आहे? आमच्या एनएचएसच्या दवाखान्यांपेक्षा बरी ना?" पहिली काही वर्षं ती चिडली, मग हसली, आणि मग अशा गोष्टी त्यांना सांगणंच तिनं सोडून दिलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं सांगणं सोडून दिलं. डॉक्टरांना वाटलं, आली बाई वळणावर.

गेल्या नोव्हेंबरात ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. एप्रिलमध्ये तिचं कपाट आवरताना फोन नंबरांची जुनी डायरी हाताला लागली. मागच्या पानावर तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: 'त्रानी. समुद्राकाठचं मोठं देऊळ. देवीची ओटी. नवस फेडायचा राहिलाय.' शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.

झालं! इथून जो गोंधळ सुरू झाला, तो आवरेना. देऊळ म्हटलंय, देवी म्हटलंय, समुद्र आहे, म्हणजे हे कोकणात असणार, असं धरून डॉक्टरांनी दोन आठवडे सांगलीच्या चुलतभावाचं डोकं खाल्लं. त्यानं रत्नागिरी पालथी घातली, गोव्यात फोन केले. त्रानी नावाची देवी कुणाच्या ऐकिवात नाही. शेवटी शाल्मली ब्रिस्टलहून शनिवार-रविवारची आली आणि तिनं एका मिनिटात आईच्या आल्बममधून फोटो काढून पुढे ठेवला. २०१२ सालची पिनरच्या बायकांची इटलीची ट्रिप. आठ बायका, आठ गॉगल्स, आणि मागे स्टेशनची पाटी: त्रानी.

"बाबा, इट्स अ कथीड्रल," इंग्लंडात वाढलेली शाल्मली आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "आईचा नवस चर्चमध्ये केली!"

डॉक्टर खुर्चीत बसलेच. बायकोनं नवस बोलला, तोही इटलीत, तोही मेरीला, आणि आपल्याला पत्ता नाही? आणि कशासाठी? कुणासाठी? ते आपल्या सवयीप्रमाणे निदान करायला बसले. २०१२ साली घरात काय दुखत होतं? शाल्मलीला ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात नोकरी लागायची होती. तिच्या लग्नाचीही काळजी होती. दोन्ही पुढे मार्गी लागलं. पण यातलं नेमकं कोणतं, आणि बदल्यात देवीला काय कबूल केलं होतं, ते त्या पानावर नव्हतं. सुमनची मैत्रीण शिल्पा त्या ट्रिपला होती, तिला एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण शिल्पाला सांगणं म्हणजे अख्ख्या पिनरला सांगणं. डॉक्टर उकिडवे नवस फेडायला निघालेत! नको रे बाबा. त्यांनी सगळ्यांना हवापालटाला जातोय असं सांगितलं.

"पण बाबा, तुम्ही तर बिलीव्ह नाही करत," शाल्मली म्हणाली.

"मी नाही करत. ती करत होती ना! तिचं काही राहिलं असं कुणी म्हणता कामा नये. देवीनंसुद्धा नाही."

शाल्मलीनं रजा टाकली आणि तिकिटं काढली.

जूनच्या एका सकाळी इटलीतल्या बारीहून ट्रेननं बापलेक त्रानीला उतरले. बंदराला वळसा घालून गेलं की समुद्राच्या अगदी कडेला ते कथीड्रल उभं आहे. फिकट गुलाबीसर पांढरा दगड, डोळे दिपवणारा. शेजारी उंच मनोरा, आणि मनोऱ्याच्या पोटातून आरपार कमान, तिच्यातून पलीकडचा समुद्र दिसतो. वर जायला दोन्ही अंगांनी जिने. डॉक्टर जिन्यापाशी थांबले आणि वाकून बुटांचे बंद सोडू लागले.

"बाबा! शूज घाला!"

"देवळात बूट घालून जायचं?"

"तुम्ही तर देवळात कधी जातच नाही!"

"जात नाही म्हणजे रीत ठाऊक नाही असं नव्हे," असं ठणकावून ते बूट हातात घेऊन करड्या मोज्यांवर वर चढले. दोन जर्मन बायकांनी त्यांना अदबीनं वाट करून दिली. हा कुणी मोठा व्रतस्थ यात्रेकरू असावा, अशी त्यांची समजूत झाली असणार.

आत गेले आणि डॉक्टर चक्रावले. केवढं थोरलं देऊळ, छत बघायला मान मोडावी इतकं उंच, आणि सगळं रिकामं! उघडे दगड, उघडे खांब, उंच खिडक्यांतून पडलेलं ऊन. ना मूर्ती, ना मेणबत्त्यांची गर्दी, ना घंटा. त्यांनी डावीकडून एक फेरी मारली, मग उजवीकडून मारली, मग आपण प्रदक्षिणा घालतोय की काय अशी शंका येऊन ते मध्येच थांबले.

"देवी कुठाय?"

"आय डोन्ट नो, बाबा."

"अगं, पण एवढ्या इमारतीत असणार ना कुठेतरी! ओटी भरायची कुणाची?"

"मेबी खाली. साइन आहे."

खाली आणखी एक चर्च होतं, आणि त्याच्याही पुढे एक तळघर. बुटके खांबच खांब, मंद उजेड, गारवा. इथे आल्यावर डॉक्टरांना जरा बरं वाटलं, कारण हे गाभाऱ्यासारखं होतं. एका कोपऱ्यात एक मूर्ती होती. कोवळा चेहरा, मानेपर्यंत केस, पायघोळ झगा, एका हातात क्रॉस, आणि कमरेला एक पिशवी, तिच्यातून फळं डोकावत होती.

"बाबा, लुक!" शाल्मली कुजबुजली. "तिची ओटी आधीच कुणी भरली आहे."

वा! डॉक्टरांनी मनातल्या मनात मुलीला शाबासकी दिली. फळांनी भरलेली ओटी, आणखी काय पुरावा हवा? त्यांनी बॅग उघडली. सुमनच्या कपाटातला हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि सँडविचच्या पिशवीत बासमती तांदूळ. आता पुढे काय करायचं? ओटी बायका भरतात, त्यामुळे डॉक्टरांनी चाळीस वर्षं ती नुसती लांबून पाहिली होती, आणि शाल्मलीनं पाहिली होती ती आदल्या रात्री यूट्यूबवर.

"तांदूळ आधी की खण आधी?" शाल्मलीनं विचारलं.

"खण आधी. मला वाटतं. शेंडी देवीकडे कर."

"शेंडी म्हणजे हेअर?"

"हेअरच. आणि तांदूळ ओंजळीनं घाल. सांडू नकोस गं!"

तांदूळ सांडले. चांगले मूठभर, दगडी फरशीवर तडतडत गेले. त्या आवाजानं जिन्यावरून एक बाई उतरल्या. साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी आधी तांदूळ पाहिले, मग मूर्तीच्या पायाशी शेंडी रोखून बसलेला नारळ पाहिला, मग डॉक्टरांचे मोजे पाहिले. काहीतरी भराभरा बोलल्या. शाल्मलीनं घाईघाईनं फोनवर भाषांतर लावून त्यांच्यापुढे धरलं. बाई पुन्हा बोलल्या आणि फोन इंग्रजीत म्हणाला: "हा मुलगा आहे."

"कोण मुलगा?" डॉक्टर म्हणाले.

"हा संत निकोला आहे. ग्रीसहून यात्रेला आला होता. कोवळ्या वयात इथेच वारला. पिशवीतली फळं लहान मुलांना वाटायची आहेत."

शाल्मलीनं जीभ चावली. बापलेकींनी मिळून एका बापड्या ब्रह्मचाऱ्याची खणानारळानं ओटी भरली होती! डॉक्टरांना कुठे तोंड लपवावं कळेना. ते गुडघ्यावर बसून तांदूळ वेचू लागले, तर त्या बाईही शेजारी बसल्या आणि वेचू लागल्या. रागावल्या मुळीच नव्हत्या. वेचता वेचता त्यांनी हिरव्या खणावरून बोट फिरवलं आणि फोनकडे तोंड करून विचारलं, "हे वचन आहे का? काही मागितलं होतं आणि मिळालं?"

डॉक्टर दचकले. स्वतःच्या मुलीला जे समजावून सांगायला दोन संध्याकाळी गेल्या होत्या, ते ह्या बाईला एका नारळावरून कळलं होतं.

"हो," ते म्हणाले. "माझ्या बायकोनं. तेरा वर्षांपूर्वी. मेरीपाशी."

"मेरी ह्या बाजूला आहे, वरच्या चर्चच्या खाली. चला, मी दाखवते. कुणासाठी मागितलं होतं?"

"माहीत नाही."

"द्यायचं काय कबूल केलं होतं?"

"तेही माहीत नाही."

बाई वेचायच्या थांबल्या. त्या हळूच काहीतरी म्हणाल्या आणि फोननं ते कोरड्या आवाजात सांगितलं: "काय द्यायचं ते माहीत नसताना देणार कसं?"

बरोबरच होतं. एखादा विद्यार्थी पेशंटला काय होतंय ते न विचारता औषध लिहून द्यायला लागला असता, तर डॉक्टरांनी त्याला वॉर्डाबाहेर काढला असता. आणि आपण काय चालवलंय? कुणी हसू नये म्हणून एक फोन केला नाही. सुमनपेक्षा स्वतःची अब्रू जपली. त्यांना स्वतःची अशी चीड आली की ते तसेच उठले, "आलोच" म्हणाले, आणि जिना चढून उन्हात आले. पायरीवर बसून त्यांनी शिल्पाला फोन लावला.

"अय्या, भाऊजी! कसा चाललाय हवापालट?"

"शिल्पा, मी त्रानीला आहे. सुमनचा नवस फेडायला आलोय. हसायचं तर हस, पण मला सांग, कशासाठी होता तो?"

शिल्पा हसली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आवाज खाली आणला असेल. मग म्हणाली, "तिनं मला शपथ घातली होती हो. पण आता काय! तुमच्यासाठी होता, भाऊजी."

"माझ्यासाठी? मला काय धाड भरली होती?"

"तुमच्या फुप्फुसावर डाग दिसला होता ना त्या वर्षी? तुमचा कोट ड्रायक्लीनिंगला देताना तिला खिशात पत्र सापडलं. तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून तिनं वाट पाहिली. तुम्ही बोलला नाहीत, मग तीही बोलली नाही. आणि तिथे गेल्यावर आम्ही सगळ्या आइस्क्रीम खायला गेलो, तर ही तळघरातून उठेचना. तासभर बसली होती."

डॉक्टरांना समोरचा समुद्र दिसेनासा झाला. तो डाग! सहा आठवडे त्यांनी तो एकट्यानं छातीत वागवला होता. एरवी पेशंटना सांगायची बातमी स्वतःला सांगून पाहिली होती. शेवटी निघाला तो लहानपणच्या टीबीचा जुना वण. त्या संध्याकाळी ते शीळ घालत घरात शिरले होते, आणि सुमननं काही न विचारता शिरा केला होता. आज अचानक शिरा कसा, असं त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. दोन वाट्या खाल्ल्या होत्या.

"भाऊजी, आहात ना?"

"आहे. आणि बोलली काय होती ती? द्यायचं काय ठरलंय?"

"द्यायचं असं काही नाही हो. ओटी काय, ती तर भरायचीच. 'ह्यांना बरं वाटू दे, ह्यांना घेऊन जोडीनं तुझ्या पाया पडायला येईन', असं बोलली होती. जोडीनं. म्हणून तर दर उन्हाळ्यात तुमच्या मागे लागायची ना, इटलीला चला, इटलीला चला म्हणून."

लागायची. दर उन्हाळ्यात लागायची. आणि डॉक्टर दर उन्हाळ्यात म्हणायचे, इटलीत काय बघायचंय, दगड आणि चर्चं! मग ते कॉर्नवॉलला गेले, टेनेरिफला गेले, दोनदा भारतात जाऊन आले. एकदा तर तिनं विमानाच्या वेळासुद्धा कागदावर लिहून आणल्या होत्या. कारण सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? हसले असते, दुसरं काय! आणि गेल्या उन्हाळ्यात ते म्हणाले होते, गुडघा दुखतोय गं, पुढच्या वर्षी नक्की.

शिल्पा पलीकडून काहीतरी बोलत होती. "ठेवतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कठडा धरून पुन्हा खाली उतरले.

शाल्मली आणि किल्ल्यावाल्या बाई मेरीपाशी उभ्या होत्या. साधीशीच मूर्ती होती, कडेवर मूल घेतलेली.

"कळलं?" शाल्मलीनं विचारलं. "माझी जॉबसाठी होता?"

"नाही. मला एकदा बरं नव्हतं. तुम्हा कुणाला सांगितलं नव्हतं मी."

"व्हॉट? कधी? आईला माहीत होता?"

"मला वाटत होतं, नव्हतं." त्यांनी मूर्तीकडे बोट केलं. "तू ओटी भर."

ह्या खेपेला तिनं नीट भरली. खण, त्यावर नारळ, शेंडी देवीकडे, मग तांदूळ, एकही दाणा न सांडता. हात जोडले आणि बाजूला झाली. किल्ल्यावाल्या बाईंनी फोन डॉक्टरांपुढे धरला आणि भुवया उंचावून विचारलं, कुणासाठी? डॉक्टरांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. बाईंचा चेहरा असा फुलला, जणू ह्यांचा रिपोर्ट आत्ताच चांगला आलाय. त्यांनी दोन्ही हातांत डॉक्टरांचा हात घेऊन दाबला. मग विचारलं, आणि वचन काय होतं?

"की ती नवऱ्याला घेऊन येईल," डॉक्टर फोनला म्हणाले. "दोघं मिळून येऊ, असं."

फोननं ते इटालियनमध्ये सांगितलं. बाई ऐकत होत्या. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, शाल्मलीकडे पाहिलं, मग मान उंच करून जिन्याकडे पाहिलं आणि लगबगीनं काहीतरी बोलल्या. फोन म्हणाला, "मग बायकोला खाली बोलवा ना. पायऱ्या उतरायला जमत नसेल तर मी हात देते. साडेबाराला बंद करायचं असतं, पण मी थांबेन."

शाल्मलीनं तोंड फिरवलं आणि खांबाला टेकून रडू लागली. डॉक्टरांनी बाईंकडे बघून नुसती मान हलवली, नाही म्हणून, पुन्हा नाही म्हणून. बाईंनी फोन हळूच खाली घेतला.

मग त्यांनी हात जोडले. देवाशी बोलायची सवय नव्हती. मंत्र येत नव्हता, स्तोत्र येत नव्हतं, आणि ओळखदेख नसलेल्या बाईला एकेरी हाक मारायचा त्यांना धीर झाला नाही. तीस वर्षं ते वॉर्डाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांशी ज्या आवाजात बोलत आले होते, त्याच हळू, सरळ आवाजात ते बोलले.

"बाई, मी सुमनचा नवरा. तुम्ही मला बरं केलंत असं ती मानायची, तर असेल तसं. ती येऊ शकत नाही, गेली ती. पण तिला बोल लावू नका. तिच्याकडून काही राहिलं नाही. तिनं मला दर वर्षी विचारलं होतं."